उतावळे बाशिंग, कोवळे संसार

‘मुलगी कोवळ्या वयात सासरी गेली की सासरच्या वळणात मुरते. वय वाढले की मते वाढतात आणि मते वाढली की संसार मोडतात.’ हे तत्त्वज्ञान आपल्या समाजात आजही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले जाते. गावच्या पारावर ते सांगितले जाते, आणि घटस्फोटाच्या बातम्यांनी अस्वस्थ झालेल्या शहरी दिवाणखान्यांतही त्याला मान डोलावणारे भेटतात. सांगणाऱ्याला आपण संस्कृतीची बाजू घेत आहोत असे वाटते, आणि ऐकणाऱ्याला प्रतिवाद करणे म्हणजे आधुनिकतेच्या आहारी जाणे वाटते. म्हणूनच या तत्त्वज्ञानाची एकदा कठोर परीक्षा व्हायला हवी. कारण त्याची किंमत सांगणारे देत नाहीत. ती तेराव्या-चौदाव्या वर्षी बोहल्यावर उभी केली जाणारी पोर देते.

या विधानात तीन दावे गुंतलेले आहेत. पहिला, लहानपणापासूनच्या सहवासाने दाम्पत्यप्रेम आपोआप निर्माण होते. दुसरा, मुलगी वयात आली म्हणजे ती संसाराला योग्य झाली. तिसरा, लवकर लग्नाने कुटुंबसंस्था बळकट होते. तिन्ही दावे असत्य आहेत. मनुष्याची वाढ टप्प्याटप्प्याने होते आणि प्रत्येक टप्प्याचे काम ठरलेले असते. जोडीदाराविषयीची ओढ, मातृत्व पेलणारे शरीर आणि संसाराचा निर्णय घेणारी बुद्धी या तीन गोष्टी एकाच दिवशी एकत्र अवतरत नाहीत. हा क्रम मोडून उभारलेले कुटुंब पायातच कच्चे राहते.

१८९१ : एकाच वर्षातील दोन घटना

१८९१ हे वर्ष आपल्या इतिहासात संमतिवयाच्या कायद्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याआधीच्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली होती. तेव्हाची कायदेशीर मर्यादा दहा वर्षांची असल्याने पतीवर बलात्काराचा आरोपसुद्धा ठेवता आला नाही. त्याला एक वर्षाची शिक्षा झाली आणि प्रकरण मिटले. देशभर उठलेल्या वादळानंतर मार्च १८९१ मध्ये ही मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेण्यात आली. केवळ दोन वर्षांची ती वाढ. पण तिच्यासाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या आणि वृत्तपत्रांतून लेखण्यांच्या तलवारी झाल्या.

त्याच वर्षी लंडनमध्ये एडवर्ड वेस्टरमार्क या फिनलंडच्या अभ्यासकाचा मानवी विवाहाच्या इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. भावा-बहिणींत दाम्पत्यभाव का निर्माण होत नाही, या प्रश्नाचे त्याने दिलेले उत्तर असे : जी मुले अगदी बालपणापासून एका घरात वाढतात, त्यांच्या मनात मोठेपणी एकमेकांविषयी शारीरिक ओढ सहसा निर्माण होत नाही, उलट एक नैसर्गिक विन्मुखता येते. रक्ताचे नाते ओळखण्याचे इंद्रिय मनुष्याला नाही. पण आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांचा सहवास मनावर कायमचा ठसा उमटवतो. पुढे फ्रॉइडने याच्या नेमके विरुद्ध मत मांडले आणि कित्येक दशके फ्रॉइडचीच चलती राहिली. अखेरीस हा वाद ग्रंथांनी न सुटता माणसांच्या संसारांनी सोडवला.

सासूच्या मांडीवर वाढलेल्या सुना

उत्तर तैवानमधील चिनी कुटुंबांत एक प्रथा होती. मुलगी तान्ही असतानाच, कधी वर्षाचीही झालेली नसताना, भावी सासरी देऊन टाकायची. तिला ‘सिम-पुआ’ म्हणजे धाकटी सून म्हणत. सासूच तिला वाढवी, प्रसंगी अंगावरही पाजी. मुलगी आणि तिचा भावी पती एकाच अंगणात खेळत, एकाच ताटात जेवत. वयात आली की एखाद्या शुभ दिवशी दोघांना पती-पत्नी म्हणून घोषित केले जाई. या प्रथेचे समर्थन काय होते? लग्नाचा खर्च वाचतो, आणि लहानपणापासून घरात वाढलेली सून सासूच्या वळणात राहते. आपल्या पारावरचा युक्तिवाद आणि हा युक्तिवाद यांत शब्दाचाही फरक नाही.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ आर्थर वुल्फ यांनी या विवाहांचा अनेक दशके अभ्यास केला. जपानी राजवटीने ठेवलेल्या घरोघरच्या नोंदवह्या त्यांना उपलब्ध होत्या, आणि त्यांतून सुमारे १४ हजार स्त्रियांच्या वैवाहिक जीवनाचा मागोवा त्यांनी घेतला. १९९५ मध्ये ग्रंथरूपाने आलेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता. मोठेपणी लग्न होऊन आलेल्या सुनांच्या तुलनेत या धाकट्या सुनांच्या संसारांत घटस्फोटांचे प्रमाण कितीतरी अधिक होते आणि अपत्यांची संख्या लक्षणीयरीत्या कमी होती. मुलगी तीन वर्षांची होण्याआधी आणलेली असेल, तर हा परिणाम सर्वांत तीव्र. लग्नाच्या रात्री नवदांपत्य खोलीतून पळून जाऊ नये म्हणून आपण काठी घेऊन दाराशी उभे होतो, असे एका वृद्ध पित्याने वुल्फ यांना सांगितले होते. पुढे तरुणांच्या हाती स्वतःची मिळकत येऊ लागली, तसे त्यांनी असे विवाह साफ नाकारले आणि ती प्रथा मोडून पडली.

दुसरा पुरावा इस्रायलचा. तेथील किबुत्झ वसाहतींत एका वयाची मुले आईबापांपासून दूर, सामूहिक बालगृहांत एकत्र वाढत. त्यांनी आपसांत लग्ने करावीत अशी पालकांची इच्छा असे. मनाई तर मुळीच नव्हती. १९७१ मध्ये जोसेफ शेफर यांनी अशा वसाहतींतील २,७६९ विवाह तपासले. त्यांत एकाच बालगटातील जोड्या जेमतेम चौदा निघाल्या, आणि पहिली सहा वर्षे अखंड एकत्र वाढलेली जोडी त्यांत एकही नव्हती. एकाने सक्ती केली आणि दुसऱ्याने मोकळीक दिली. पण निसर्गाचे उत्तर दोन्हीकडे सारखेच आले.

येथे एक विवेक बाळगला पाहिजे. आपल्याकडील बालवधू बहुधा न्हाण येईपर्यंत माहेरीच राहत असे, त्यामुळे तैवानचा निष्कर्ष आपल्या बालविवाहांना जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु ‘लहानपणापासून जोडले की मने जुळतात’ या दाव्याचा पाया मात्र त्याने उखडला जातो. बालपणाचा सहवास माया देतो, सवय देतो, प्रसंगी प्राण टाकण्याइतके बंधुत्वही देतो. दाम्पत्यभाव ही वेगळी गोष्ट आहे आणि तिचा ऋतू वेगळा आहे.

आपल्या विवाहव्यवस्थेत हे जणू गृहीतच धरलेले दिसते. सगोत्र विवाह निषिद्ध ठरवला गेला. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाची मुलगी चालते, पण चुलत बहीण ही सख्ख्या बहिणीच्या जागी असते. एकत्र कुटुंबाच्या वाड्यात चुलत भावंडे एका पंगतीत वाढत, तर मामाची मुलगी दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात. इरावती कर्वे यांनी भारतीय नातेसंबंधांचा जो आराखडा मांडला, त्यात महाराष्ट्राचे हे वैशिष्ट्य नोंदलेले आहे. या नियमांमागे इतरही कारणे असतील. पण एका अंगणात वाढलेल्यांना विवाहबंधनात न बांधण्याची समज आपल्या समाजाला होती, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. मग परंपरेचे नाव घेऊन कोवळ्या जोड्या लावणाऱ्यांनी ही परंपराही विचारात घ्यावी.

‘शहाणी’ झाली म्हणजे काय झाली?

आपल्या भाषेत मुलीला प्रथम ऋतू आला की ‘मुलगी शहाणी झाली’ असे म्हणतात. या एका शब्दाने आपला केवढा घात केला आहे! ऋतुप्राप्ती ही शरीराच्या वाढीतील एका टप्प्याची सुरुवात आहे. त्यानंतरही काही वर्षे मुलीची उंची वाढत असते, आणि बाळंतपणासाठी ज्या हाडांवर सर्वाधिक भिस्त, त्या कटिभागाची वाढ तर उंचीनंतरही चालू राहते. विचार तोलणारा, परिणामांचा अंदाज घेणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. म्हणजे शरीराने पहिली खूण दिली, त्या दिवसापासून खऱ्या शहाणपणापर्यंत आणखी दहा वर्षांचा प्रवास असतो. पोषण सुधारल्याने ही पहिली खूण पूर्वीपेक्षा लवकर दिसू लागली आहे, त्यामुळे हे अंतर आज अधिकच रुंद झाले आहे. खूण लवकर दिसते म्हणून लग्न लवकर करणे म्हणजे आंब्याला मोहर आला म्हणून फळे उतरवायला माणसे बोलावणे!

वाढ पुरी न झालेल्या शरीरावर गर्भ लादला की काय होते, हे कोणत्याही ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका सांगेल. अडलेली बाळंतपणे, रक्तक्षय, कमी वजनाची अर्भके. जगभरातील पंधरा ते एकोणीस वयोगटातील मुलींच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत गरोदरपण व प्रसूतीतील गुंतागुंत आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण त्यासाठी परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सोळा वर्षांखालील स्त्रीला पंचवीस वर्षांखालील पुरुषापासून गर्भ राहिल्यास तो उदरातच नष्ट होतो, जन्मलाच तर दीर्घकाळ जगत नाही, किंवा दुर्बल राहतो, असे स्पष्ट बजावले आहे. आपल्या वैद्यकाने दोन सहस्रकांपूर्वी जे सांगितले, ते न ऐकता आपण कोणत्या संस्कृतीचे रक्षण करत आहोत?

आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून त्यांचे चित्र शाळांच्या भिंतींवर लावतो. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले, चौदाव्या वर्षी मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले, ही हकिकत मात्र आपण घाईने उरकतो. त्या आघातातूनच त्यांनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. १८८६ मध्ये त्यांनी अमेरिकेत पदवी मिळवली आणि १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्यांनी जगाचा निरोप घेतला.

रखमाबाईंचा प्रश्न

आणि मनाचे काय? याचे उत्तर मुंबईच्या रखमाबाईंनी न्यायालयात दिले आहे. अकराव्या वर्षी त्यांचे दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न झाले. त्या माहेरीच राहिल्या, वाचत राहिल्या, वाढत राहिल्या. विशीच्या उंबरठ्यावर, जेव्हा त्यांना स्वतःचे मत आले, तेव्हा या पुरुषाबरोबर संसार करण्यास त्यांनी नकार दिला. १८८४ मध्ये पतीने दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला; पण अपिलानंतर १८८७ मध्ये निकाल फिरला आणि ‘पतीकडे जा, अन्यथा सहा महिने तुरुंगात जा’ असा आदेश झाला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन पतीने तडजोड केली. त्या पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली.

रखमाबाई बंडखोर होत्या म्हणून संसार मोडला, असे त्या काळी म्हटले गेले आणि आजही म्हटले जाईल. वस्तुस्थिती अशी की संसार सुरूच झाला नव्हता. अकरा वर्षांच्या मुलीला पतीविषयी आवड-निवड नसते. ती विसाव्या वर्षी येते. जी आवड अस्तित्वातच नव्हती, तिच्या वतीने दुसऱ्याने केलेला करार तिने मोठेपणी मोडला, यात नवल कसले? मते वाढल्याने संसार मोडत नाहीत. मते येण्याआधी मांडलेले संसार मते आल्यावर उघडे पडतात. आणि ज्या घरांत ते मोडत नाहीत, तेथे सारे आलबेल असते असेही नाही. पुष्कळदा एवढेच असते की त्या स्त्रीला जाण्यासाठी दुसरे दार नसते.

‘कोयता’ होण्याची घाई

कोणी म्हणेल, हा सारा एकोणिसाव्या शतकाचा इतिहास झाला. आता बालविवाह राहिलेत कोठे? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पुरी होण्याआधी विवाह झालेल्यांचे प्रमाण देशात २३.३ टक्के आणि महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. शाहू-फुले-आगरकरांचे नाव घेणारा आपला महाराष्ट्र देशाच्या सरासरीहून दीड टक्कासुद्धा पुढे नाही! परभणी आणि बीड या जिल्ह्यांत तर हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होते.

यामागची कारणे केवळ अज्ञानाची नाहीत. बीड-परभणी-जालना पट्ट्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. तेथे मजुरीचे माप माणसाचे नसते, ‘कोयत्या’चे असते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा तो अर्धा कोयता. दसरा-दिवाळीनंतर आईबाप फडावर निघाले की घरी वयात आलेल्या मुलीला कोणाच्या भरवशावर ठेवायचे हा प्रश्न असतो, आणि लग्न केले की तो प्रश्नही मिटतो आणि एक कोयताही वाढतो. पंधराव्या वर्षी उजवलेली ही मुलगी सतराव्या वर्षी पाळणा बांधून पाचटात उभी असते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत तिशीच्या आतल्या, तिशी-पस्तिशीतल्या किती! मासिक पाळीने कामाचा खाडा नको, दुखण्याने दंड नको, म्हणून अवयवच काढून टाकायचा. ज्या व्यवस्थेत स्त्रीचे मातृत्व पंधराव्या वर्षी ओढून आणले जाते आणि तिशीत कापून टाकले जाते, ती व्यवस्था कुटुंबाची मित्र आहे काय?

नियोजन कोणी करायचे?

कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम भारताने १९५२ मध्ये सुरू केला. त्याच्याही तीन दशके आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. म्हणजे या विषयात महाराष्ट्र शंभर वर्षे जुना आहे. पण आजही आपल्याकडे कुटुंबनियोजन या शब्दाचा व्यवहारातील अर्थ एकच : बाईचे ऑपरेशन. पाचव्या पाहणीप्रमाणे देशातील ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी नसबंदी करून घेतली होती. पुरुषांच्या नसबंदीचा वाटा ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर स्त्रीनसबंदीचे प्रमाण निम्म्याच्या घरात. ही शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे पंचविशीच्या आसपास होते, आणि लवकर लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत त्याहूनही आधी.

या आकड्यांतून दिसणारे जीवन पाहा. लग्न सोळाव्या वर्षी, पहिले मूल वर्षभरात, दुसरे त्यानंतर लगेच, आणि विशी उलटते न उलटते तोच शस्त्रक्रिया. दोन मुलांत अंतर किती ठेवायचे, पहिले केव्हा होऊ द्यायचे, याची चर्चा पती-पत्नीत कधी झालीच नाही. नियोजनाला नियोजन करणारा लागतो. सोळा वर्षांची मुलगी सासूसमोर मान वर करून बोलू शकत नाही. ती पतीला ‘अजून दोन वर्षे थांबू या’ असे कोठून म्हणणार? शासनाने कितीही गोळ्या आणि साधने वाटली, तरी ‘नको’ म्हणण्याचे वय ज्या घरात येऊच दिले जात नाही, तेथे ती फडताळातच पडून राहणार. जोडीदाराची निवड आणि संततीचे नियोजन हे एकाच वाढीचे दोन भाग आहेत. जिला पहिल्यात आवाज नव्हता, तिला दुसऱ्यात तो मिळत नाही.

तीन आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप घेतले जातील, त्यांचा समाचार घेणे आवश्यक आहे.

पहिला : ‘हल्ली मुली पळून जातात, फसवल्या जातात, त्याआधी हात पिवळे केलेले बरे.’ फसवणुकीची भीती खोटी नाही. पण फसते कोण? जिला घरात मोकळेपणे बोलता येत नाही, जिला जगाचे ज्ञान नाही, जिची पारख घडलेली नाही ती. तिच्यावरचा उपाय पारख घडवणे हा आहे. पारख घडण्याआधीच निर्णय उरकून टाकणे हा नाही. चोराच्या भीतीने कोणी आपल्याच हाताने घर लुटत नाही.

दुसरा : ‘हिंदूंचा जननदर घटतो आहे, आणि तुम्ही लग्ने उशिरा करा म्हणता!’ महाराष्ट्राचा एकूण जननदर पाचव्या पाहणीत १.७ वर आला होता, ही वस्तुस्थिती आहे आणि तिचा विचार समाजाने जरूर करावा. परंतु राष्ट्राचे बळ पंधरा वर्षांच्या आईच्या रक्तक्षयी अपत्यांत नसते. तैवानच्या कोवळ्या जोड्यांना मुले अधिक नव्हे, कमी झाली, हे आपण पाहिले. घटत्या जननदराची चिंता वाहायची असेल तर ती शहरांत वाहावी, जेथे पॅकेज, फ्लॅट आणि पत्रिका यांच्या याद्या जुळवता जुळवता आपलीच उच्चशिक्षित मुले पस्तिशीला टेकतात, आणि मग वंध्यत्व चिकित्सेच्या रांगेत उभी राहतात. पस्तिशीनंतर स्त्रीची प्रजननक्षमता वेगाने उतरते, हेही निसर्गाच्या क्रमाचेच दुसरे टोक आहे. एकीकडे पंधराव्या वर्षीची घाई आणि दुसरीकडे पस्तिशीपर्यंतची टाळाटाळ. दोहोंच्या मध्ये पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे असलेला सुयोग्य काळ आपण रिकामा सोडला आहे.

तिसरा : ‘आमच्याच समाजाला उपदेश का?’ उपदेश सर्वांनाच आहे. मुलीचे शरीर तिचा धर्म विचारून वाढत नाही. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा व्यक्तिगत कायद्यांच्या वर मानायचा की नाही, यावर न्यायालयांत मतभेद होत आले; ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बालविवाह रोखण्यासाठी विस्तृत निर्देश दिले, तरी हा पेच मात्र सुटला नाही. तो संसदेनेच एकदा सोडवावा आणि देशातील प्रत्येक मुलीला समान संरक्षण द्यावे, ही मागणी रास्त आहे. पण ती करण्याचा नैतिक अधिकार, ज्याच्या स्वतःच्या अंगणात असा मांडव पडत नाही, त्यालाच आहे.

परकीय सरकारची सबब संपली

१८९१ च्या वादाचे दाखले देऊन काही जण आजही म्हणतात, ‘लोकमान्यांनी सुद्धा विरोध केला होता.’ होय, केला होता. परकीय सरकारने आमच्या विवाहसंस्थेत हात घालू नये, हा त्यांचा आक्षेप होता. परंतु त्याच्या आदल्याच वर्षी, ज्यांना सुधारणा हवी त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावे, म्हणून त्यांनी जी कलमे सुचवली, त्यांत मुलीचे लग्न सोळा वर्षांआधी आणि मुलाचे वीस वर्षांआधी करू नये हे कलम होते. इंग्रज बारा म्हणत होते, तेव्हा टिळकांच्या कलमात सोळा होते! लोकमान्यांच्या नावाचा आधार घेणाऱ्यांनी हे आकडे पाठ करावेत. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी तर त्याच वादात धर्मग्रंथांच्याच आधारे वयोमर्यादेचे समर्थन केले होते. पुढे अजमेरच्या हरविलास सारडा यांचे विधेयक आले, अमरावतीच्या मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशभर साक्षी नोंदवल्या, आणि १९२९ मध्ये मुलीसाठी चौदा व मुलासाठी अठरा हे वय ठरले. १९७८ मध्ये ते अठरा व एकवीस झाले. मुलीचे वयही एकवीस करणारे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आले, स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. ते पुन्हा यावे की नाही यावर मतभेद असू शकतात. पण अठराची मर्यादाच जेथे दर पाचव्या मुलीच्या बाबतीत मोडली जाते, तेथे आकडा बदलण्याआधी तो पाळण्याची लाज आपल्याला वाटली पाहिजे. परकीय सरकारची सबब १९४७ मध्ये संपली. आता कायदा आपला, शासन आपले आणि मुलगीही आपलीच.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

लेख वाचून हळहळणे सोपे आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी बालविवाह होत नाहीत, हे खरे. परंतु घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीच्या लग्नाला आहेर देऊन येताना तिचे वय आपण विचारले होते काय? २००६ च्या कायद्याने असा विवाह लावणाऱ्यालाच नव्हे, तर त्यास उत्तेजन देणाऱ्याला आणि त्यात सहभागी होणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. गुरुजी, मंगल कार्यालयाचे मालक, मंडपवाले, आणि अक्षता टाकणारे आपण, कोणीही याबाहेर नाही.

सामूहिक विवाह सोहळे भरवणाऱ्या संस्थांनी वधू-वरांचे जन्मदाखले तपासल्याखेरीज एकही नाव नोंदवू नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी दिवाळीनंतर शाळेतून नाहीशा होणाऱ्या सातवी ते बारावीच्या मुलींची यादी करावी आणि एकेकीच्या घरी जावे. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची तरतूद शासनाने केली आहे. ती आपल्या तालुक्यात प्रत्यक्ष चालू आहेत का, त्यांत मुलींसाठी सुरक्षित जागा आहे का, हे पाहावे. नसेल तर समाजाने ती उभी करावी. सहा महिने मुलीला ठेवायला विश्वासाची जागा मिळाली, तर कितीतरी बाप तिच्या लग्नाची घाई करणार नाहीत. लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर गावातील ग्रामपंचायत अधिकारी हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. लग्न होऊन गेले असेल, तरी सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत तो विवाह रद्द करून घेण्याचा अधिकार मुलीला कायद्याने दिला आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

विवाह हा सोळा संस्कारांपैकी एक संस्कार आहे असे आपण मानतो. संस्कार ज्याच्यावर करायचा, त्याला त्याचा अर्थ समजण्याचे वय आलेले असावे, ही त्याची पहिली अट आहे. सप्तपदीची सात पावले नवरा-नवरीने स्वतः चालायची असतात. जिचे पाऊल अजून वाढते आहे, तिला त्या वाटेवर फरफटत नेणाऱ्यांनी संस्कृतीचे नाव घेऊ नये. येत्या लग्नसराईत प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वस्तीतील असा एक मांडव थांबवून दाखवावा.